कव्हरवरचं चित्र शेवटी कोणाचं?

मे २०१९ मध्ये शिकागोत ‘हेरिटेज’ या लिलाव कंपनीने एक तैलचित्र विक्रीला काढलं. खांबाशी उभी इजिप्तची राणी, जवळ बिबट्या, मागच्या काळोखात पहारेकरी. नाव ‘इजिप्शियन क्वीन’. चित्र गेलं ५४ लाख डॉलरला. त्या वेळच्या दराने साधारण ३८ कोटी रुपये.

कोटींचे आकडे ऐकून हल्ली कुणी दचकत नाही. मार्च २०२५ मध्ये हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ न्यूयॉर्कला सुमारे ११८ कोटींना गेलं, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरसुद्धा दोन दिवस तोच विषय होता. “यात एवढं काय आहे?” हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला आणि उत्तर कुणीच दिलं नाही. पण राणीच्या चित्राची गंमत निराळी आहे. ते कुठल्या कलादालनासाठी किंवा शेठजींच्या दिवाणखान्यासाठी काढलेलं नव्हतं. १९६९ साली ‘ईरी’ नावाच्या, भुताखेतांच्या चित्रकथा छापणाऱ्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठासाठी ते काढलं होतं. काही सेंटांत मिळणारा आणि वाचून झाला की रद्दीत जाणारा अंक.

मला यातला पैशांचा भाग फारसा बुचकळ्यात टाकत नाही. ज्याला परवडतं तो देतो. कोडं वेगळंच आहे. नियतकालिकासाठी काढलेलं, नियतकालिकाने पैसे मोजलेलं, नियतकालिकात छापून आलेलं हे चित्र मधली पन्नास वर्षं होतं कुठे? चित्रकाराच्या घरी! ते तिथे कसं राहिलं हे कळलं की कॉपीराइट नावाच्या भानगडीतलं निम्मं कळतं. म्हणून आज त्या चित्रकाराची, फ्रँक फ्राझेटाची गोष्ट.

ब्रुकलिनचा पोरगा

फ्राझेटा ९ फेब्रुवारी १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मला. घराणं मूळचं इटालियन, तीन बहिणींत हा एकटा भाऊ. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये दोन ‘झेड’ होते, त्यातला एक त्याने पुढे स्वतःच गाळला. पोराचा हात बघून घरच्यांनी त्याला आठव्या वर्षी मिकेले फालांगा नावाच्या इटालियन चित्रकाराच्या छोट्या कलाशाळेत घातलं. या मुलाला स्वखर्चाने इटलीला शिकायला पाठवायचं, असं फालांगांच्या मनात होतं. पण ते वारले आणि इटली राहिली ती राहिलीच. सोळाव्या वर्षी पोरगा चित्रकथांच्या धंद्यात कामाला लागला. बेसबॉलही असा खेळायचा की मोठ्या क्लबकडून बोलावणं आलं होतं. गेला नाही.

त्याला पुढे ‘फँटसी चित्रकार’ म्हणून जग ओळखू लागलं. फँटसी म्हणजे अद्भुताची दुनिया: तलवारी, राक्षस, चेटकिणी, पडके किल्ले, जे कधी नव्हतंच असं एखादं राज्य. ‘चांदोबा’ वाचत मोठ्या झालेल्यांना याहून जास्त सांगायला नको. या दुनियेचे चित्रकार बहुतेक पुस्तकांच्या आणि मासिकांच्या कव्हरांवर जगले. कलादालनांनी त्यांना बरीच वर्षं दारात उभं केलं नाही. त्यामुळे त्यांचं पोट भरायचं ते प्रकाशकाशी होणाऱ्या व्यवहारावर, आणि त्या व्यवहाराची पोटातली बाजू समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

जमीन एकाची, कलमं दुसऱ्याची

कोकणातल्या वाचकांना हे एका वाक्यात कळेल. सातबाऱ्यावर जमीन एकाच्या नावावर असते आणि ‘इतर हक्कां’त लिहिलेलं असतं की त्यातली आंब्याची कलमं दुसऱ्याची. जमीनमालक जमिनीवर चालू शकतो, पण आंबे उतरवू शकत नाही. कलमांचा मालक आंबे उतरवतो, पण जमीन विकू शकत नाही. वरून बघणाऱ्याला मात्र एकच बाग दिसते.

चित्राचंही तसंच आहे. एक आहे प्रत्यक्ष वस्तू, म्हणजे कॅनव्हास किंवा बोर्ड आणि त्यावरचे रंग. याला आपण ‘मूळ चित्र’ म्हणू. दुसरा आहे त्या चित्राच्या प्रती काढायचा हक्क: कव्हरवर छापणं, पोस्टर करणं, टी-शर्टवर टाकणं. हा कॉपीराइट. मूळ चित्र भिंतीवर टांगता येतं. कॉपीराइट टांगता येत नाही, पण दरवर्षी फळतो तो तोच. आणि या दोन गोष्टी दोन वेगळ्या माणसांकडे असू शकतात.

गोंधळ असा की बरीच वर्षं खुद्द न्यायालयांनाही ही फोड मान्य नव्हती. होव्हसेप पुशमन नावाचा एक चित्रकार होता. त्याचं एक चित्र १९३० साली इलिनॉय विद्यापीठाने ३,६०० डॉलरला विकत घेतलं. दहा वर्षांनी विद्यापीठाने त्या चित्राच्या प्रती छापायचा हक्क एका छपाई कंपनीला देऊन टाकला. पुशमन कोर्टात गेला. त्याचं म्हणणं होतं की मी चित्र विकलं, छापायचा हक्क कधी विकला? १९४२ साली न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला तो त्याच्या विरुद्ध. हक्क राखून ठेवायचा होता तर तसं सांगायचं होतं. सांगितलं नाही, म्हणजे जमिनीबरोबर कलमंही गेली.

न्यूयॉर्क राज्याने हा नियम १९६६ मध्ये कायदा करून फिरवला. १९७६ चा कॉपीराइट कायदा १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला, तेव्हा संपूर्ण अमेरिकेत स्पष्ट झालं की वस्तू विकली म्हणून हक्क विकला असं होत नाही. फ्राझेटाची उमेदीची वर्षं नेमकी याच्या आधीची. तेव्हा न बोलणाऱ्याचं सगळंच जायचं.

दुसऱ्याच्या बागेतली मजुरी

चित्रकथांच्या धंद्यात तर बोलायचीही सोय नव्हती. तिथे चाले ‘वर्क फॉर हायर’, म्हणजे मजुरीवरचं काम: काम करणारा कुणीही असो, कायद्याच्या दृष्टीने निर्माता तो ज्याने काम करून घेतलं. काही प्रकाशकांची युक्ती तर दाद देण्यासारखी होती. मानधनाच्या चेकच्या मागेच शिक्का असायचा, की या चेकवर सही करून पैसे घेणारा आपले सर्व हक्क आम्हाला देत आहे. चेक वटवायचा तर मागे सही करावीच लागे. सही केली की हक्क गेले. घरभाडं थकलेला माणूस काय करणार?

मूळ चित्रांची तर कुणाला पर्वाच नव्हती. छपाईची प्लेट तयार झाली की चित्राचं काम संपलं, असा हिशोब. कपाटात राहिलं तर राहिलं, जागा लागली की कचऱ्यात.

फ्राझेटाने या धंद्यात सतरा-अठरा वर्षं काढली. १९५२ साली त्याने जंगलात राहणाऱ्या एका नायकाचा अख्खा अंक एकट्याने काढला. त्याच वर्षी त्या नायकावर पडद्यावर मालिकापट आला. नायक प्रकाशकाचा होता, त्यामुळे पडद्यावरचं पीकही प्रकाशकाचं. पुढचे अंक फ्राझेटाने काढले नाहीत.

मग त्याने अल कॅप या नामवंत व्यंगचित्रकाराकडे नोकरी धरली. कॅपची चित्रमालिका वर्तमानपत्रांत रोज यायची आणि अमेरिकेत घराघरांत वाचली जायची. पेन्सिल फ्राझेटाची, सही कॅपची. असं जवळपास आठ-नऊ वर्षं चाललं. पगार बरा होता, वेळ उरायचा, बेसबॉल खेळता यायचा. १९५६ साली एली केलीशी लग्न झालं, मुलं झाली. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं ठीकच दिसत होतं. पण १९६१ मध्ये पगारावरून बिनसलं आणि तो बाहेर पडला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की स्वतःच्या नावावर दाखवायला हाताशी काही नाही. संपादक म्हणाले, तुमची चित्रं आता जुन्या वळणाची वाटतात. तेहतीस वर्षांचा, दशकभर रोज चित्रं काढलेला माणूस नव्या पोरासारखा दारोदार काम मागत फिरला.

माझ्या मते त्याच्या आयुष्यातला कळीचा काळ हाच. पुढे तो व्यवहारात जो इतका पक्का झाला, त्याचं मूळ या दोन-तीन वर्षांत आहे.

१९६६, आणि हाडांचा ढीग

कागदी बांधणीच्या स्वस्त पुस्तकांची कव्हरं त्याला एका चित्रकार मित्राच्या ओळखीने मिळू लागली. पैसे कमी होते आणि मूळ चित्र परत मिळायची खात्री नव्हती. १९६४ मध्ये ‘मॅड’ या विनोदी मासिकाच्या मलपृष्ठावर त्याने बीटल्सच्या रिंगो स्टारचं एक विडंबनचित्र काढलं. ते बघून सिनेमावाल्यांनी पोस्टरचं काम दिलं. एका दुपारच्या कामात वर्षभराचा पगार सुटला, असं सांगतात. त्याच सुमाराला जेम्स वॉरेन नावाच्या प्रकाशकाने भयकथांची नियतकालिकं काढली. सुरुवातीला सांगितलेलं ‘ईरी’ त्याचंच. वॉरेनकडे पैसा फार नव्हता, पण दोन गोष्टी द्यायची त्याची तयारी होती: काय काढायचं याचं स्वातंत्र्य, आणि छपाई झाल्यावर मूळ चित्र परत.

वॉरेनने काही फार मोठं दान केलं नाही. त्याच्या दृष्टीने ती फुकट द्यायची वस्तू होती. मूळ चित्राला तेव्हा बाजारच नव्हता. कचऱ्यात जाणारी गोष्ट परत दिल्याने स्वस्तात चांगला चित्रकार मिळत असेल, तर कोण नाही म्हणेल? फ्राझेटाने मात्र ती वस्तू मागून घेतली.

१९६६ मध्ये ‘लान्सर’ या प्रकाशनाने कोनॅनच्या कथा पुस्तकरूपाने आणायला सुरुवात केली. कोनॅन हा टेक्सासच्या रॉबर्ट हॉवर्डने १९३० च्या दशकात रंगवलेला एक रानटी योद्धा. हॉवर्ड तरुणपणीच गेला होता आणि कोनॅन जवळपास विस्मृतीत. पहिल्या कव्हरचं काम फ्राझेटाकडे आलं, आणि इथेही मूळ चित्र परत मिळायची बोली झाली.

ते कव्हर जरा जवळून बघू. मधोमध कोनॅन उभा आहे, नुसता उभा. कुणावर धावून जात नाही, वार करत नाही. तलवारीचं टोक खाली रोवलेलं, मुठीवर हात. पायाखाली कवट्या, हाडं, मोडकी शस्त्रं आणि प्रेतं यांचा ढीग, आणि त्याच्या पायाला बिलगलेली एक स्त्री. लढाई संपलेली आहे. ती आपल्याला दाखवलेलीच नाही, फक्त तिचा कचरा दाखवलाय. अंगावर व्रण, चेहरा अर्धा सावलीत. कमरेपासून वर प्रत्येक स्नायू कोरल्यासारखा स्पष्ट, आणि जसजसं कडेला जावं तसतसं सगळं विरत जातं. मागे तपकिरी-पिवळट धूर आणि त्यात कवट्यांचे भास. रंग जेमतेम चार-पाच. दुकानात मांडलेल्या शंभर पुस्तकांत नजर सरळ या कव्हरवर येते, कारण बघण्यासारखी जागा त्यात एकच आहे.

त्याआधीची अशा पुस्तकांची कव्हरं भडक आणि भरगच्च असायची. गोष्टीत जे-जे घडतं ते सगळं एका चौकोनात कोंबलेलं. फ्राझेटाने गोष्ट सांगणं सोडून दिलं. खरं तर या गोष्टी आपण वाचल्याच नव्हत्या, असं तो नंतर मोकळेपणाने सांगायचा. पुस्तकं धडाधड खपली, आणि आज ज्याला-त्याला कोनॅन म्हटल्यावर जो दिसतो तो हॉवर्डच्या शब्दांतला कमी आणि फ्राझेटाच्या ब्रशमधला जास्त.

परत आलेल्या चित्राचं करायचं काय?

पहिली गोष्ट: दुरुस्ती. मुदत डोक्यावर आली की फ्राझेटा रातोरात चित्र संपवायचा आणि मग त्याला ते खुपत राहायचं. छापून परत आलं की तो पुन्हा ब्रश घेऊन बसे. सुरुवातीला सांगितलेली इजिप्तची राणी अंकात छापली गेली त्या चेहऱ्याची राहिली नाही. चित्र घरी आल्यावर त्याने तिचा चेहराच नव्याने रंगवला. म्हणजे १९६९ चा अंक ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडची राणी वेगळी, आणि ३८ कोटींना गेली ती वेगळी! मूळ चित्र हाती असणं म्हणजे काय, हे याहून नेमकं सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट: तेच पीक पुन्हा काढणं. इथे खरी करामत एलीची. नवरा चित्र काढायचा आणि कागदपत्रं, भाव, पत्रव्यवहार सगळं ती बघायची. कव्हरला मिळालेले पैसे हे एका हंगामाचे, हे तिने ओळखलं होतं. तिने पोस्टर छापून टपालाने विकायला सुरुवात केली. १९७५ पासून त्याच्या चित्रांचे संग्रह पुस्तकरूपाने येऊ लागले आणि भरपूर खपले. १९७३ चं ‘डेथ डीलर’ हे चित्र पाहा. काळा घोडा, त्यावर शिंगांचं शिरस्त्राण घातलेला स्वार, चेहऱ्याच्या जागी अंधार आणि दोन लाल डोळे, हातात रक्ताळलेली कुऱ्हाड, वर गिधाडं. एका कव्हरचं हे चित्र १९७८ मध्ये एका रॉक बँडच्या पहिल्या अल्बमवर आलं, पोस्टर झालं, आणि पुढे अमेरिकन लष्कराच्या तिसऱ्या कोअरने हा स्वार आपलं चिन्ह मानला. टेक्सासच्या फोर्ट हूड छावणीत त्याचा पुतळा उभा आहे.

मूळ चित्रं मात्र एली सहसा विकत नसे. पेनसिल्वेनियात त्यांच्या जागेवर किल्ल्यासारख्या दिसणाऱ्या इमारतीत त्यांनी स्वतःचं संग्रहालयच थाटलं.

“पण पैसे प्रकाशकाने दिले होते ना?”

हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. आपण सुताराकडून टेबल करून घेतो, पैसे देतो, टेबल आपलं. मग चित्रच का वेगळं?

कारण टेबलाचं पीक येत नाही. चित्राचं येतं, आणि किती येईल हे काढून घेताना दोघांनाही माहीत नसतं. म्हणून प्रश्न पैसे दिले का, हा नाहीच. पैसे कशाचे दिले, हा आहे. एकदा कव्हरवर छापण्याचे? की कायमचे, सगळीकडे, वाटेल तसं छापण्याचे?

आणि इथे आपल्याकडच्या चित्रकारांना सावध करावंसं वाटतं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ आहे. सर्वसाधारण नियम असा की निर्मिती करणारा पहिला मालक. पण त्याच कलमात अपवाद आहेत. मोबदला देऊन कुणी तुमच्याकडून फोटो, चित्र किंवा व्यक्तिचित्र करून घेतलं, आणि वेगळा करार केलेला नसला, तर कॉपीराइटचा पहिला मालक करून घेणारा ठरतो. तुमच्या लग्नाचे फोटो फोटोग्राफरने काढले तरी हक्क तुमचा, तो याच अपवादामुळे. लग्नाच्या बाबतीत ते रास्त वाटतं. पण कादंबरीच्या कव्हरसाठी कुणी सांगून चित्र काढून घेतलं आणि दोन ओळी कुणीच लिहिल्या नाहीत, तर तोच नियम चित्रकाराच्या मुळावर येतो.

नियतकालिकात नोकरीला असलेल्या चित्रकाराची गत यापेक्षा थोडी बरी आहे. तिथे मालकाला हक्क मिळतो तो नियतकालिकात छापण्यापुरता. बाकीचा चित्रकाराकडे राहतो. म्हणजे पगारी माणसाला जे आपोआप मिळतं, ते बाहेरून काम करणाऱ्याला मागून घ्यावं लागतं. उलटं वाटतं खरं, पण आहे ते असं आहे.

उपाय मोठा नाही. वकील लागतोच असंही नाही. कामाच्या आधीच्या ईमेलमध्ये किंवा पत्रात दोघांच्या संमतीने लिहून घ्यायचं: हे चित्र अमुक पुस्तकाच्या मराठी आवृत्तीच्या मुखपृष्ठासाठी, कॉपीराइट चित्रकाराकडे, मूळ चित्र छपाईनंतर परत. कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी लागतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

माझा एक मित्र पुण्यात चित्रं काढतो. एका दिवाळी अंकासाठी त्याने कव्हर केलं, मानधन रोख घेतलं, कागद काही नाही. चार वर्षांनी पुतण्याच्या शाळेच्या वहीवर त्याला तेच चित्र दिसलं, खाली वेळापत्रकाचे चौकोन आखलेले. मूळ चित्र मागायला गेला तर कार्यालय दुसरीकडे हललं होतं आणि हलवाहलवीत बरंच काही रद्दीत गेलं होतं. भांडायला त्याच्याकडे पावतीसुद्धा नव्हती.

चित्र पुढे विकलं गेलं तर त्यात वाटा मिळतो का? आपल्या कायद्याच्या कलम ५३अ मध्ये तशी सोय आहे. मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. मात्र चित्रकार हा कॉपीराइटचा पहिला मालक असायला हवा. म्हणजे पुन्हा गाडी कलम १७ वर येऊन थांबली. अमेरिकेत असा देशव्यापी कायदाच नाही. फ्राझेटाच्या चित्रांचे पैसे त्याच्या घरी आले ते चित्रं घरी होती म्हणून.

“ही कला म्हणायची का पण?”

थोडक्यात आटोपतो. फ्राझेटाच्या चित्रांतल्या बायका बहुधा कपड्यांविना किंवा नावापुरत्या कपड्यांत, पुरुषाच्या पायाशी किंवा राक्षसाच्या तावडीत. त्यावर टीका झाली आणि ती योग्य आहे. ही चित्रं सोळा वर्षांच्या मुलांना पुस्तक घ्यायला लावण्यासाठी होती, हे विसरून त्यांची पूजा करण्यात अर्थ नाही. पण प्रकाश कुठे ठेवायचा, काय गाळायचं, उभ्या माणसात दबलेली ताकद कशी दाखवायची, यात त्याचा हात धरणारे थोडेच. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कव्हरवर छापलं म्हणून चित्र हलकं, हे मात्र मला पटत नाही. आपल्या कित्येक घरांत देव्हाऱ्यातली लक्ष्मी छापखान्यातून आलेली आहे.

आपल्याकडच्यांनी काय केलं?

लक्ष्मीवरून आठवलं. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईजवळ घाटकोपरला स्वतःचा छापखाना काढला. आपलीच चित्रं आपणच छापायची, म्हणजे जमीनही आपली आणि कलमंही. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. पण छापखाना चालवणं हा चित्रकाराचा धंदा नव्हे. कर्ज वाढलं आणि अखेर तो छापखाना तिथेच काम करणाऱ्या फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. बरोबर अनेक चित्रं छापायचे हक्कही गेले.

मराठीतल्या दोन मोठ्या मुखपृष्ठकारांनी मधला रस्ता काढला. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६), दोघेही गोव्याचे. कादंबऱ्या, रहस्यकथा, ऐतिहासिक, पौराणिक, अशी त्यांची शेकडो मुखपृष्ठं. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हातात घेणाऱ्यांना आधी मुळगावकर भेटायचे, मग अर्नाळकर. पण दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला आणि मुळगावकरांनी ‘रत्नप्रभा’. संपादक, प्रकाशक, चित्रकार सगळं घरचं. स्वतःच्या अंकाचं कव्हर स्वतः काढलं, तर हक्क कोणाचा हा वादच उरत नाही. एली फ्राझेटाने टपालाने पोस्टर विकून जे साधलं, ते यांनी दिवाळीत अंक काढून साधलं.

आपल्याकडे चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे जे हक्क दलालांकडे होते ते २०३१ च्या अखेरपर्यंत जिवंत आहेत. फेसबुकवर त्यांची चित्रं ‘जुन्या आठवणी’ म्हणून फिरतात ती बघायला छान वाटतात, पण त्यांची कॅलेंडरं छापून विकण्याआधी वारसांना विचारावं लागतं.

“आता एआय कुणाचीही शैली उचलतं, मग हक्क कसला?”

शैलीवर हक्क कधीच नव्हता. फ्राझेटाची नक्कल करणारे चित्रकार साठच्या दशकातच झाले आणि त्याला त्यांच्यावर खटला भरता आला नसता. कायदा राखतो ते विशिष्ट चित्र. रंगवायची पद्धत सगळ्यांची.

नवा प्रश्न वेगळा आहे. ही यंत्रं लाखो-कोट्यवधी चित्रं ‘बघून’ शिकतात. ती बघताना त्यांच्या प्रती काढल्या जातात, आणि प्रती काढायचा हक्क तर चित्रकाराचा. मग परवानगी घेतली होती का? ग्रेग रुत्कोव्स्की या पोलिश फँटसी चित्रकाराचं नाव २०२२ मध्ये इतक्या लोकांनी यंत्राला सांगितलं, की इंटरनेटवर त्याच्या नावाने त्याने न काढलेली चित्रं फिरू लागली. जानेवारी २०२३ मध्ये तीन चित्रकारांनी अशा कंपन्यांवर कॅलिफोर्नियात दावा लावला. मार्च २०२५ मध्ये आपण सगळ्यांनी कुटुंबाचे फोटो जपानी कार्टूनसारखे करून डीपीला लावले, तेव्हा हाच वाद आपल्या फोनमध्ये येऊन गेला. रुत्कोव्स्कीने आपलं नाव कुणाला विकलं नव्हतं. त्याला तो चेकसुद्धा मिळाला नाही, ज्याच्या मागे शिक्का असतो.

जेसीबी

घरी ठेवलेल्या चित्रांचीही एक अडचण असते. ती घरात असतात.

नव्वदच्या दशकात फ्राझेटाला अर्धांगवायूचे झटके आले. उजवा हात चालेना, तेव्हा तो डाव्या हाताने काढायला शिकला. सगळा कारभार एलीच्या हाती होता. जुलै २००९ मध्ये ती गेली. मुलं चार, चित्रं त्या वेळच्या अंदाजाने दोन कोटी डॉलरची, आणि ती कोणी सांभाळायची यावर एकमत नाही. त्याच नोव्हेंबरात कोनॅनचं एक चित्र दहा लाख डॉलरला विकलं गेलं, त्यामुळे बाकीच्यांची किंमत काय होते याचा अंदाज सगळ्यांनाच आला. ९ डिसेंबर २००९ ला एका मुलाला पोलिसांनी संग्रहालयात पकडलं. आपण ज्याला सरसकट जेसीबी म्हणतो तसलं यंत्र लावून दार फोडलेलं, आणि नव्वदेक चित्रं गाडीत चढवायची तयारी चाललेली. वडिलांनीच परवानगी दिली होती, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्या वसंतात कुटुंबात समेट झाला आणि आरोप मागे घेतले गेले. १० मे २०१० रोजी फ्लोरिडात फ्राझेटाचं निधन झालं.

इजिप्तची राणी, तिच्या नव्या चेहऱ्यानिशी, आणखी नऊ वर्षं घरच्यांकडेच होती.